चेहऱ्याचे मोल आणि घामाचे मोल

अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव व छबी जाहिरातदारांना विकण्याची मुभा १ जुलै २०२१ रोजी मिळाली. तोपर्यंत एखाद्या बूट कंपनीकडून पैसे घेणारा विद्यार्थी स्पर्धेतून बाद होत असे; त्याच्या महाविद्यालयाने त्याच कंपनीशी केलेला लक्षावधी डॉलर्सचा करार मात्र निष्कलंक मानला जाई. हौशीपणाचे हे सोंग संपले, याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु खेळाडूंना आता न्याय मिळाला, असा जो डांगोरा पिटला जातो तो तपासून घेणे जरूर आहे.

या सोंगाचा इतिहास उद्बोधक आहे. १९५५ साली कोलोरॅडो राज्यातील एका महाविद्यालयाचा विद्यार्थी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाईचा दावा केला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये तो फेटाळला. का, तर महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही! याच सुमारास एन.सी.ए.ए. या आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. खेळाडू उद्या कामगार ठरतील या धास्तीतून तो घडविला गेला, हे संघटनेचे माजी प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी १९९५ सालच्या आपल्या पुस्तकात सांगून टाकले. व्यवस्थापकांना सत्य बहुधा निवृत्तीनंतरच आठवते. आणि धंदा नसलेल्या या उद्योगात बास्केटबॉलच्या एकाच वार्षिक स्पर्धेचे प्रक्षेपण-हक्क २०१० मध्ये १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलर्सना विकले गेले.

श्रमाचे सर्व खरेदीदार एकत्र येऊन त्याचा भाव ठरवू लागले, तर अर्थशास्त्र त्याला मक्तेदारीच म्हणते. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निदान शैक्षणिक लाभांवरील निर्बंधांपुरते हे एकमताने मान्य केले. त्यानंतर दहा दिवसांतच जाहिरातींची वाट खुली झाली.

तथापि जाहिरातदार श्रम विकत घेत नाही, प्रसिद्धी विकत घेतो. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचा चेहरा घरोघरी पोचतो; त्याच्यासाठी देहाची भिंत करून उभे राहणारे पाच जण शिरस्त्राणाआड अनामिक राहतात. गुडघे मात्र त्यांचेही मोडतात. शिवाय ही रक्कम ज्याच्या तिजोरीत खेळाचे उत्पन्न जमा होते त्या महाविद्यालयाने द्यायची नव्हती; ती बाहेरच्या व्यापाऱ्याने किंवा धनिक माजी विद्यार्थ्यांच्या निधी-मंडळाने द्यायची होती. मालकाने वेतन न देता गिऱ्हाइकाच्या बक्षिशीकडे बोट दाखवावे, तसाच हा प्रकार.

अनेक राज्यांनी हीच मुभा माध्यमिक शाळांतील खेळाडूंनाही दिली आहे. तेथे प्रश्न अधिक बिकट आहे, कारण सोळा वर्षांच्या मुलाच्या वतीने करार पाहणारे पालक आणि टक्केवारीवर काम करणारे दलाल यांच्यामध्ये त्या मुलाचे हित पाहणारा तिसरा कोणी असेलच असे नाही.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने महाविद्यालयांना स्वतः पैसे देण्याचीही परवानगी मिळाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक संस्थेस सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्स. ही मर्यादा वकिलांनी बसून ठरविली. मागील थकबाकीच्या २.८ अब्ज डॉलर्सपैकी बहुतांश वाटा फुटबॉल व पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जाणार. महिला खेळाडूंच्या पदरात फारच थोडे पडेल.

सामुदायिक वाटाघाटीचा प्रयत्न झालाच नाही असे नव्हे. मार्च २०२४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाने १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटनेत जाण्याचा निर्णय घेतला. संघातील काही जण महाविद्यालयाच्या भोजनगृहात काम करीत. तेथे त्यांना संघटनेचा आधार होता, मैदानावर नव्हता. महाविद्यालयाने वाटाघाटींस साफ नकार दिला, आणि येऊ घातलेल्या सरकारच्या काळात कामगार मंडळाचा निर्णय विरुद्ध जाईल, या भीतीने वर्षअखेरीस तो अर्ज मागे घ्यावा लागला.