कसोटीचा आकडा आणि वापरातला माल

दिवाळीच्या किंवा परीक्षेच्या निकालाच्या सुमारास अनेक घरांत एक नवी मागणी पुढे येते. मुलाला संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड हवे असते. किंमत तीस हजारांपासून पुढे कितीही. मुलगा रंगीत स्तंभालेख दाखवितो, अमुक कार्ड तमुक कार्डापेक्षा इतके टक्के सरस आहे असे सांगतो. वडिलांना त्यातले काही उमगत नाही. मग एक तर ‘नको’ म्हणून विषय संपतो, नाही तर पैसे काढून दिले जातात. दोन्ही निर्णय माल न पाहता झालेले असतात. आपल्या पेढीवर आपण असा व्यवहार कधी करीत नाही, हे वाचकांना सांगावयास नको.

हे आकडे येतात ‘बेंचमार्क’ नावाच्या कसोटीतून. ‘थ्रीडीमार्क’सारखा कार्यक्रम ठरलेले दृश्य ठरलेल्या मार्गाने संगणकावर चालवितो आणि शेवटी गुण देतो. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका असल्यामुळे तुलना सोपी होते. परंतु प्रश्नपत्रिका आधीच ठाऊक असली की तेवढ्यापुरती तयारी करण्याचा मोहही होतो.

तसे घडलेही आहे. 2001 साली एटीआय कंपनीच्या रेडिऑन 8500 या कार्डाची ‘क्वेक 3’ या खेळावर चाचणी चालू होती. परीक्षकांनी खेळाच्या फाइलमधील ‘क्वेक’ हे नाव बदलून ‘क्वॅक’ केले आणि वेग खाली आला! कार्डाचे ड्रायव्हर सॉफ्टवेअर खेळाचे नाव ओळखून चित्राची गुणवत्ता कमी करीत होते. 2003 साली थ्रीडीमार्कच्या निर्मात्यांनीच एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची तपासणी केली. कॅमेरा कोणत्या मार्गाने फिरणार हे ठरलेले असल्याने, पडद्यावर न येणारा भाग रेखाटण्याचे काम परस्पर गाळलेले आढळले. पुढे दोन्ही कंपन्यांनी संयुक्त निवेदन काढून ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतला. शब्द मागे घेतला गेला तरी ग्राहकाने घ्यावयाचा बोध तोच राहतो. धान्याचा व्यापारी पोत्याच्या तोंडाशी ठेवलेल्या दाण्यांवर भाव ठरवीत नाही. तो मधूनच मूठभर काढून पाहतो.

लबाडी नसली तरी सरासरीचा आकडा दिशाभूल करू शकतो. खेळाचा वेग एका सेकंदात किती फ्रेम, म्हणजे किती चित्रे, उमटतात यावर मोजतात. साठ फ्रेम असतील तर प्रत्येक चित्राच्या वाट्याला सुमारे 16.7 मिलिसेकंद येतात. आता समजा, एका सेकंदातील 59 चित्रे 800 मिलिसेकंदांत उमटली आणि उरलेल्या एकानेच 200 मिलिसेकंद घेतले. सरासरी साठच राहिली, पण खेळणाऱ्याला मध्येच झटका बसला. बँकेत कर्जदाराचे खाते तपासताना आम्ही केवळ सरासरी शिल्लक पाहत नसू. महिन्यातील कोणत्या तारखेला खाते तळाला गेले, तेही पाहत असू. कार्डाच्या बाबतीत तळाचा हा आकडा ‘एक टक्का लो’ या नावाने दिलेला असतो. सरासरीइतकेच त्याकडेही लक्ष द्यावे.

खोक्यावरील नोंदही वाचता आली पाहिजे. सप्टेंबर 2014 मध्ये आलेल्या जीटीएक्स 970 कार्डावर 4 जीबी स्मृती लिहिलेली होती. जानेवारी 2015 मध्ये उघड झाले की त्यातील 3.5 जीबी वेगवान आणि उरलेली अर्धी जीबी फार मंद आहे. सुरुवातीच्या परीक्षणांत हे कोणाच्या ध्यानी आले नव्हते. अमेरिकेत दावा झाला आणि 2016 मध्ये ग्राहकांना प्रत्येक कार्डामागे 30 डॉलर देण्याची तडजोड झाली. अलीकडचे उदाहरण जानेवारी 2025 चे आहे. 549 डॉलरचे आरटीएक्स 5070 हे आधीच्या, कितीतरी महाग असलेल्या 4090 च्या तोडीचे आहे, असे कंपनीने व्यासपीठावरून सांगितले. ही बरोबरी होती ती प्रत्यक्ष रेखाटलेल्या एका चित्रापाठोपाठ कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली तीन चित्रे धरून. रोकड आणि उधारी एकाच रकान्यात मांडावी, तसा हा हिशेब झाला.

शिवाय परीक्षक कार्डाची चाचणी बहुधा बाजारातील सर्वांत वेगवान प्रोसेसर लावून घेतात, कारण त्यांना फक्त कार्डच मोजावयाचे असते. आपल्या घरचा प्रोसेसर पाच वर्षांचा जुना असेल, तर महाग कार्ड त्याची वाट पाहत बसेल. पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखविणारा असेल, तर एकशेवीस फ्रेमच्या कार्डातील निम्मी चित्रे डोळ्यांपर्यंत पूर्णपणे पोहोचतच नाहीत.

तेव्हा माझी सूचना अशी. मुलाला ‘नको’ म्हणू नये आणि ‘आण’ असेही लगेच म्हणू नये. कर्जप्रस्ताव लिहावा तसे एक पान त्याच्याकडून लिहवून घ्यावे. तो प्रत्यक्षात कोणते तीन-चार खेळ खेळतो? पडदा किती रिझोल्यूशनचा आहे? प्रोसेसर कोणता आहे? वीजपुरवठ्याचा संच किती वॅटचा आहे आणि नव्या कार्डाला तो पुरेल का? त्याच खेळांत, त्याच रिझोल्यूशनवर, दोन स्वतंत्र परीक्षकांनी सरासरी आणि तळाचे आकडे किती दिले आहेत? हे आकडे कृत्रिम चित्रे वगळून आहेत का? शेवटी पक्के बिल आणि हमीची मुदत.

हे पान घेऊन वडिलांनी मुलासोबत एक संध्याकाळ बसावे. कधी कधी मुलगा स्वतःच म्हणेल, “बाबा, मला याहून स्वस्त कार्डही पुरेल.” कधी महाग कार्डाची गरजही पटेल, आणि मग ते मोकळ्या मनाने घ्यावे. उद्या पेढीच्या गादीवर बसून त्याला अनेक आकडे पारखावयाचे आहेत. तो सराव आपल्या आवडीच्या वस्तूपासूनच सुरू झाला, तर खर्चाचा मोठा भाग तिथेच वसूल झाला असे समजावे.