चेहऱ्याची नोंद

गेल्या रविवारी माझी नात इंग्रजी निबंधाची वही घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. ती यंदा दहावीला आहे. विषय होता 'माझ्या आठवणीतील एक दिवस', आणि तिने निवडला होता तिच्या वडिलांकडील आजोबांनी कापडाची पेढी मुलाच्या स्वाधीन केली तो दिवस. निबंध चांगला उतरला होता. चाव्यांचा जुडगा मुलाच्या हाती देताना आजोबा किंचित हसले, हे सांगण्यासाठी मात्र तिने लिहिले होते, 'ग्रँडफादर स्मर्क्ड.'

मी विचारले, "हा शब्द कोठून आणलास?" ती म्हणाली, "कादंबरीत वाचला. हसण्यालाच म्हणतात ना, आजोबा? स्माइल फारच साधा वाटतो."

हा शब्द मी चांगलाच ओळखतो. तीस वर्षांपूर्वी त्याने माझ्या हातून एक अन्याय घडविला होता.

१९९४ च्या सुमारास मी एका तालुक्याच्या गावी बँकेचा शाखाधिकारी होतो. एका संध्याकाळी रोकड जुळेना. ५०० रुपयांचा फरक येत होता. मी काउंटरवरील तरुण लिपिकाला सर्वांसमक्ष विचारले. त्याने मान खाली घातली आणि त्याचे ओठ किंचित ताणले गेले. मला ते हसू वाटले. त्याच रात्री वरिष्ठ कार्यालयास पाठविलेल्या इंग्रजी अहवालात मी लिहिले, 'व्हेन क्वेश्चन्ड, ही स्मर्क्ड.' आपले इंग्रजी भारदस्त दिसावे, हा मोह त्या वयात मलाही होता. दुसऱ्या दिवशी हिशेब जुळला. एक व्हाउचर भलत्याच गठ्ठ्यात गेले होते. पण अहवाल टपालात पडून गेला होता. आठवड्याभरात त्या लिपिकाकडून उद्धट वर्तनाबद्दल लेखी खुलासा मागविणारे पत्र आले.

ते पत्र हातात घेऊन तो माझ्या केबिनमध्ये आला. म्हणाला, "साहेब, मी हसलो नव्हतो. मला लाज वाटली की माझे ओठ असेच होतात."

त्या रात्री मी प्रथमच तो शब्द कोशात नीट पाहिला. स्वतःवर खूष असलेल्या, समोरच्याला कमी लेखणाऱ्या माणसाचे हसू म्हणजे स्मर्क. मी तो शब्द मागे घेणारे दुसरे पत्र पाठविले आणि प्रकरण मिटले. पण ते मिटेपर्यंत त्या वर्षीच्या बढतीच्या मुलाखती होऊन गेल्या होत्या. तो पुढे दीड वर्ष माझ्या शाखेत होता. कामात त्याने कधी कसूर केली नाही. माझ्यासमोर मात्र तो पुन्हा कधी हसला नाही.

वाचकहो, ही चूक केवळ शब्दसंग्रहाची नव्हती. मराठीत आपण बहुधा 'हसला' असे म्हणतो आणि 'ओशाळून', 'कुत्सितपणे', 'समाधानाने' हे शब्द त्याला वेगळे जोडतो. जे दिसले ते एका शब्दात आणि आपले मत दुसऱ्या शब्दात, अशी ती मांडणी असते. इंग्रजीत पुष्कळदा हे दोन्ही एकाच क्रियापदात बांधलेले असते. स्माइल हा त्यातल्या त्यात तटस्थ शब्द. दात दाखवून, कधी खट्याळपणे हसणे म्हणजे ग्रिन. आनंदाने सारा चेहरा उजळणे म्हणजे बीम. आणि तिरस्काराने ओठ वाकडा करणे म्हणजे स्निअर. हसण्याचे असे बारीक भेद आपल्याला नवे नाहीत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित असे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मितात दात दिसत नाहीत, गाल किंचित फुलतात, इतक्या बारकाईने ते वर्णिले आहे. माझ्या लिपिकाच्या ओशाळेपणासाठी इंग्रजीत 'एम्बॅरस्ड स्माइल' किंवा 'शीपिश स्माइल' हे सहज, रोजच्या वापरातील शब्द होते. मी ते शोधलेच नाहीत.

आपल्या मुलांचा दुसरा घोटाळा होतो तो वाक्प्रचारांत. मराठीत वडील डोळे मोठे करतात ते धाक दाखविण्यासाठी. इंग्रजीत एखाद्याचे डोळे मोठे झाले, तर तो चकित झाला किंवा घाबरला, असा अर्थ होतो. धाकाच्या नजरेला तेथे ग्लेअर हा शब्द आहे. आपण जीभ चावतो ती चूक लक्षात आल्यावर. इंग्रज माणूस जीभ चावतो तो ओठांवर आलेले बोलणे आवरण्यासाठी. आपण दातओठ खातो संतापाने. तिकडे ओठ चावणारा बहुधा रडू, हसू किंवा अस्वस्थता दाबत असतो. एखाद्या व्यापाऱ्याने पत्रात 'माझे बोलणे ऐकून त्यांनी ओठ चावला' असे इंग्रजीत लिहिले, तर वाचणाऱ्याला समोरच्याचा राग कळणारच नाही. काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा सुदैवाने एकत्र येतात. चेहरा पडणे आणि भुवया उंचावणे हे प्रयोग इंग्रजीतही जवळजवळ तसेच आहेत.

फ्राउन या शब्दाची गंमत तर आणखी वेगळी. ब्रिटनमध्ये फ्राउन म्हणजे कपाळाला आठ्या, आणि त्या रागाच्या असतील तशा नुसत्या विचाराच्याही असतील. अमेरिकेत हाच शब्द अनेकजण ओठांचे कोपरे खाली झुकण्यासाठी वापरतात. ज्यांची नातवंडे तिकडे शिकतात, त्यांनी त्यांना फ्राउनचे चित्र काढायला सांगून पाहावे. बहुधा ती तोंड काढतील, कपाळ नव्हे.

वाक्याची बांधणीही पाहावी लागते. 'त्याच्या चेहऱ्यावर चिंता दिसत होती' हे मराठीत सुंदर वाक्य आहे, कारण आपल्याकडे चेहरा ही भावना येऊन बसण्याची जागा आहे. इंग्रजीत याचे शब्दशः रूप अवघडलेले वाटते. तेथे माणसालाच कर्ता करून 'ही लुक्ड वरीड' एवढे तीन शब्द म्हणणे स्वाभाविक. 'लुक्ड' या शब्दाचा आणखी एक उपयोग असा की, चिंता मला दिसली, ती होतीच असे मी म्हणत नाही, ही मर्यादा त्यात आपोआप पाळली जाते.

ही मर्यादा शास्त्रज्ञांनीही पाळली आहे. ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचा सौम्य प्रवाह देऊन प्रयोग केले आणि १८६२ मध्ये ते प्रसिद्ध केले. ओठांचे कोपरे माणूस हवे तेव्हा वर ओढू शकतो, पण डोळ्यांभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदावाचून सहसा हलत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. चार्ल्स डार्विन यांनी १८७२ च्या आपल्या ग्रंथात त्यांची छायाचित्रे वापरली. पुढे १९७८ मध्ये एकमन आणि फ्रीझन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी चेहऱ्याच्या हालचालींना क्रमांक दिले. गाल वर उचलला गेला तर ६, ओठांचा कोपरा ओढला गेला तर १२. त्या नोंदीत राग, लोभ, आनंद यांतील एकही शब्द येत नाही. हालचाल आधी टिपायची. अर्थ लावण्याचे काम नंतरचे.

बँकेत आम्ही नवशिक्यांना सांगत असू की व्हाउचर हाती नसेल तर नोंद करू नये. चेहऱ्याबद्दल इंग्रजीत लिहिताना मी आता तोच नियम पाळतो. ओठ, डोळे, कपाळ यांत काय दिसले ते व्हाउचर; उद्धट, गर्विष्ठ, अपराधी ही नोंद. आपल्या पेढ्यांवर गिऱ्हाइकांचे चेहरे वाचण्यात पिढ्या गेल्या आहेत. पण मनात काढलेला अंदाज दुसऱ्या गिऱ्हाइकाबरोबर विसरला जातो. कागदावर लिहिलेला मात्र फायलीत राहतो. मुलाने नोकराविषयी, पुरवठादाराविषयी किंवा भागीदाराविषयी इंग्रजी पत्र लिहिले, तर त्यातील असा एखादा शब्द पाठविण्यापूर्वी पुन्हा पाहावा, एवढेच सुचवितो. शंका असेल तेथे साधा शब्द बरा.

मी नातीला विचारले, "त्या वेळी तू नेमके काय पाहिलेस?"

तिने क्षणभर डोळे मिटले. "ओठ मिटलेले होते. डोळे ओले होते. पण ते हसत होते."

"मग तेवढेच लिही."

तिने तो शब्द खोडून लिहिले, 'ही स्माइल्ड, बट हिज आइज वेअर वेट.' मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "हे फारच साधे नाही का होत?"

"त्या आजोबांना वाचून दाखव," मी म्हणालो.

संध्याकाळी तिचा फोन आला. आजोबांनी वाक्य दोनदा वाचायला लावले, असे तिने सांगितले.