काचेचे टॉवर आणि चुंबक

परवा मीरा रोड स्टेशनबाहेर, शेअर रिक्षाच्या रांगेत, एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विकासाचा धडा दिला. मेट्रो येतेय, मिठागरांची जमीन पडून आहे. काचेचे चार टॉवर उभारा, करसवलत द्या, तंत्रज्ञानातला पैसा धावत येईल. संशोधन संस्था? पांढरे हत्ती! तिथं लोक पेपर लिहितात आणि पेन्शनची वाट बघतात.

काचेच्या टॉवरांचा हा मोह जुनाच. पूर्वी मॉलबद्दलही असंच ऐकलं होतं, ते असो. पण 'तंत्रज्ञान' आपल्या गावात एकदा येऊन गेलंय, हे गृहस्थ विसरले. २०१६ साली ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं सांगून तिथल्या लोकांना लुबाडण्याचा उद्योग चालला होता. भाड्याचे मजले होते, वीज होती, इंटरनेट होतं, फाडफाड इंग्रजी बोलणारी पोरं होती. गृहस्थांच्या यादीतलं काय नव्हतं? विकायला स्वतःचं काही नव्हतं, म्हणून भीती विकली. रिकामा मजला भाडेकरू आणतो; भाडेकरू उद्या स्वस्त मजला मिळाला की गाशा गुंडाळतो. त्याला इथं धरून ठेवणारं ज्ञान इथल्या मातीत नसेल तर तो का थांबेल?

आता पवईकडे बघा. रस्ता मोकळा असेल (हसू नका) तर तासाभराची वाट. आयआयटी १९५८ ची. तिथलं 'साइन' हे नवउद्योगांचं पाळणाघर २००४ चं. तिथल्याच माजी विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये 'आयडियाफोर्ज' काढली, ड्रोन बनवले, महापे एमआयडीसीत बस्तान बसवलं. २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात उतरली. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनंही २००७ मध्येच 'व्हेंचर सेंटर' उघडलं. प्रयोगशाळा मात्र १९५० ची. "म्हणजे पन्नास-साठ वर्षं थांबायचं?" हो. बेंगळुरूत भारतीय विज्ञान संस्था १९०९ ला आली, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही चिप कंपनी १९८५ ला.

पुण्याजवळचं हिंजवडीचं आयटी पार्क एमआयडीसीच्या जमिनीवर उभं राहिलं, हे मान्य. पण इंजिनिअर जमिनीतून उगवले नाहीत. आणि पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीनं कारखाने आणले नाहीत, हा टोमणा तर फुकटच. तिला कारखान्यांची खरखर नको, म्हणूनच ती तिथं आहे.

मग मीरा-भाईंदरला आयआयटी हवी का? नाही, मी वेडा नाही. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात, एवढं मला पुरेसं आहे. पत्रा ३०४ ग्रेडचा (निकेल जास्त) की २०२ चा (निकेल कमी), हे तिथं पुष्कळदा चुंबक लावून ठरतं. गंमत अशी की कोऱ्या पत्र्यात दोन्हींना ते जवळजवळ चिकटत नाही. निकेल किती हे सांगणारं एक यंत्र, पवईच्या धातुशास्त्र विभागातले दोन विद्यार्थी आणि महापालिकेचा एक गाळा. बस. यातून उद्या काय निघेल ते मला सांगता येत नाही, टॉवरवाल्यांना मात्र सगळं आधीच माहीत असतं.

हे गृहस्थांना सांगणार होतो; पण रिक्षा भरली आणि चालकाशेजारची शेवटची जागा त्यांनी पटकावली.