हॅरी पॉटर पुन्हा वाचताना : हॉगवर्ट्सचं जेवण नेमकं बनवतं कोण?

लहानपणी 'हॅरी पॉटर' वाचलेल्यांना हॉगवर्ट्सची पहिली मेजवानी हमखास आठवते. रिकाम्या थाळ्या क्षणात भरतात. जादूच ती! तिशीकडे झुकलेली हीच पिढी आता पुस्तकं पुन्हा उघडते, तेव्हा मात्र साधा प्रश्न पडतो : हे जेवण बनवतं कोण?

उत्तर २००० साली आलेल्या चौथ्या भागात, 'गॉब्लेट ऑफ फायर'मध्ये आहे. मेजवानीच्या दालनाच्या बरोबर खाली स्वयंपाकघर आहे. हॉगवर्ट्समध्ये शंभराहून जास्त हाउस-एल्फ राबतात. पगार नाही, रजा नाही, पेन्शन नाही. हे कळताच हर्मायनी ताट बाजूला सारते.

डॉबीचा पगार का खटकतो?

डंबलडोर डॉबीला आठवड्याला १० गॅलियन आणि शनिवार-रविवार सुट्टी देऊ करतात. डॉबीच घासाघीस करून १ गॅलियन आणि महिन्याला १ सुट्टीवर येतो. दहाव्या वर्षी हे वाचून हसू आलं होतं. आता येत नाही. महिन्याला एक सुट्टी हा व्यवहार अनेक मराठी मध्यमवर्गीय वाचकांनी स्वतःच्या घरात पाहिलेला असतो. फक्त तिथली घासाघीस उलट्या दिशेने चालते.

विंकीची गोष्ट तर आणखी टोचते. डॉबीला मिळालेले कपडे म्हणजे सुटका, विंकीला मिळालेले कपडे म्हणजे हकालपट्टी. ती बटरबिअर पीत रडत बसते. रॉनपासून हॅग्रिडपर्यंत बहुतेकांचं म्हणणं एकच : त्यांना हेच आवडतं. हर्मायनी 'स्प्यू' ही संघटना काढते, २ सिकलला बॅज विकते आणि थट्टेचा विषय होते.

'तेव्हाचं लिखाण आहे, आजच्या चष्म्यातून कशाला बघायचं?' हा बचाव इथे टिकत नाही. चष्मा पुस्तकातच आहे, हर्मायनीच्या नाकावर! लेखिका जे. के. रोलिंग यांना प्रश्न दिसला नव्हता, असंही नाही. क्रीचरला तुच्छ वागवण्याची किंमत सिरियसला जिवाने मोजावी लागते आणि डंबलडोर ते स्पष्ट बोलून दाखवतात. सातव्या भागात हॅरी क्रीचरशी माणुसकीने वागतो, तेव्हा क्रीचर पार बदलतो. हा भाग पुन्हा वाचतानाही तितकाच भिडतो, किंबहुना जास्त.

पण इथेच मेख आहे. कादंबरीला वाईट मालक दिसतो, मालकी दिसत नाही. चांगलं वागा, एवढ्यावर प्रश्न मिटतो. व्होल्डेमॉर्टचा पाडाव झाल्यावर, उपसंहाराआधीच्या प्रकरणाच्या शेवटी दमलेला हॅरी विचार करतो, क्रीचर सँडविच आणून देईल का? लढाईत उतरलेल्या एल्फांच्या वाट्याला काय आलं, यावर मात्र एक ओळ नाही.

म्हणून मुलांच्या हातून ही पुस्तकं काढून घ्यायची का? अजिबात नाही. 'हॅरी पॉटर आणि परीस' आज एखाद्या घरात मोठ्याने वाचलं जात असेल, तर त्या मेजवानीपाशी दोन मिनिटं थांबावं. स्वयंपाक कोण करत असेल, हे मुलांनाच विचारावं.

सिनेमांनी ही अडचण सरळ टाळली. त्यात विंकी नाही, 'स्प्यू'ही नाही. एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झालेली नवी मालिका मूळ पुस्तकांशी प्रामाणिक राहणार, असं तेव्हा सांगण्यात आलं होतं. मग चौथ्या भागाची पाळी येईल तेव्हा ते स्वयंपाकघर दाखवावंच लागेल, आणि हर्मायनीवर हसायचं की नाही, तेही ठरवावं लागेल.