खरखर ऐकणारी माणसं

अवकाशयान उडालं की आपण टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवतो. वाजवायलाच हव्यात. पण रोज सकाळी यंत्र सुरू करून सूर्याची रेडिओ लहरींमधली खरखर नोंदवणाऱ्यासाठी कोण टाळ्या वाजवतं? मला विचाराल तर त्याचे उपकार काही कमी नाहीत.

२३ मे १९६७. शीतयुद्ध ऐन भरात. रशियन क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणारी अमेरिकेची उत्तरेकडची रडारं एकाएकी बधिर झाली. कुणी मुद्दाम रडार बंद पाडणं म्हणजे युद्धाचीच कुरापत! विमानं उड्डाणासाठी सज्ज होऊ लागली. तेवढ्यात हवाई दलाच्याच सूर्य-निरीक्षकांनी कळवलं, हे रशियाचं काम नाही, सूर्याचं आहे. रोजच्या कंटाळवाण्या नोंदी होत्या म्हणून ते छातीठोकपणे सांगता आलं. ही हकीकत २०१६ साली सविस्तर प्रसिद्ध झाली.

या खरखरीत आणखीही बरंच असतं. सूर्यावर उद्रेक होऊन तप्त वायूचा लोट वेगानं बाहेर पडला, की त्याच्यापुढे धक्कालहर तयार होते. तिथले इलेक्ट्रॉन रेडिओ लहरींना जन्म देतात. लोट विरळ भागात चढत जातो तसतसा हा 'सूर' खाली उतरतो. किती झपाट्यानं उतरतो, त्यावरून धक्कालहरीच्या वेगाचा अंदाज येतो. ही लहर आपल्यापर्यंत सव्वाआठ मिनिटांत येते, लोटाला मात्र साधारण एक ते तीन दिवस लागतात. म्हणजे पाहुणा निघाल्याची वर्दी आधीच मिळते.

आता कुणी म्हणेल, दर वेळी वादळ येतंच असं कुठे आहे? बरोबर. बरेच लोट पृथ्वीला चुकवून निघून जातात. म्हणून एकट्या रेडिओवर विसंबू नये, हे मान्य. पण नुसत्या उपग्रहावर तरी का विसंबावं? २०२३ मध्ये सोडलेल्या आपल्या 'आदित्य एल-१'वर सात उपकरणं आहेत, त्यांत रेडिओ लहरी ऐकणारं एकही नाही. ते काम कर्नाटकातल्या गौरीबिदनूरच्या शेतांमधल्या अँटेना करतात.

असो. मुद्दा एवढाच, की अशा वेधशाळांना दर वर्षी 'नवीन काय केलं?' असं विचारून पैसे द्यायचे असतील, तर तो प्रश्नच चुकीचा आहे. राखणदाराला कुणी असं विचारत नाही. तो जागा होता ना, एवढंच पाहायचं असतं.