नांव झाकून घेतलेली परीक्षा

आपल्या मंडळींच्या घरांत मद्याचा विषय निघाला, कीं तो एक तर दबक्या आवाजांत निघतो, नाहीं तर उपदेशाच्या सुरांत. प्रस्तुत लेखकास या दोहोंपैकीं कांहींच करावयाचें नाहीं. मद्यपानाचे दुष्परिणाम सर्वश्रुत आहेत, आणि कोणास पेल्याकडे वळविण्याची इच्छा तर आम्हांस मुळींच नाहीं. या महिन्यांत लिहावयाचें आहे तें पिण्याविषयीं नव्हे, पारखण्याविषयीं. आणि पारख कोठेंही शिकली तरी ती घरांतल्या पुष्कळ व्यवहारांस उपयोगी पडते.

निमित्त घडलें नाशिकास. राजीव सामंत यांनीं १९९७ सालीं नाशिकजवळ वाइनच्या द्राक्षांची लागवड केली व कॅलिफोर्नियांतील केरी डॅम्स्की यांच्या मार्गदर्शनानें ‘सुला’ची वाइन २००० सालीं बाजारांत आणिली, हें पुष्कळांस ठाऊक असेल. त्या भागांतच आमचा एक भाचा या व्यवसायांत आहे. माघांत द्राक्षतोड चालू असतां त्याच्या मळ्यावर कॅलिफोर्नियाचे एक वाइन करणारे गृहस्थ पाहुणे आले होते. त्यांनीं सायंकाळीं आम्हां घरच्या मंडळींस परीक्षेची रीत दाखविली.

पेला पांढऱ्या फडक्यासमोर धरून प्रथम रंग पाहावयाचा. काळ्या द्राक्षाचा रसही बहुधा फिकाच असतो; तांबडा रंग उतरतो तो सालींतून, हें तेथें कळलें. मग पेला हलकेच फिरवून वास घ्यावयाचा, शेवटीं एक लहानसा घोट तोंडांत घोळवावयाचा. हिरडा चघळल्यावर तोंड आवळतें, तसें लाल वाइननें आवळतें. आणि एवढें करून तो घोट चक्क पिकदाणींत टाकावयाचा! पाहुणे म्हणाले, “परीक्षकाला दिवसांत पन्नास नमुने पाहावे लागतात. ते सगळे गिळले, तर दहाव्यापाशींच जिभेचा न्याय सुटेल.” संयम हा येथें धर्मनियम नसून धंद्याचें हत्यारच आहे, याची मोठी मौज वाटली.

सर्व बाटल्या आंतल्या खोलींत उघडून, फडक्यांत गुंडाळून आणिल्या होत्या. असें कां, म्हणून विचारतां पाहुण्यांनीं पॅरिसची हकीकत सांगितली. ती मुळांतूनच ऐकण्याजोगी आहे.

पॅरिसांत दुकान चालविणारे स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्यानें २४ मे १९७६ रोजीं एक परीक्षा मांडली. कॅलिफोर्नियाच्या सहा पांढऱ्या व सहा लाल वाइन एका बाजूस, फ्रान्सच्या नामांकित मळ्यांच्या चार पांढऱ्या व चार लाल दुसऱ्या बाजूस. ज्यांचे गुण धरावयाचे ते नऊही परीक्षक फ्रेंच, आणि ह्या विद्येंत मुरलेले. फ्रान्सच जिंकणार, याविषयीं स्वतः स्परियर यांसही शंका नव्हती. नांवें मात्र झांकलेलीं होतीं. एका परीक्षकानें तर कॅलिफोर्नियाचाच पेला चाखून, आपण आतां फ्रान्सांत परत आलों, असे उद्गार काढले! निकाल लागला तेव्हां पांढऱ्यांत शातो माँतेलेनाची १९७३ ची वाइन पहिली आली. ती करणारे माइक गर्गिच हे क्रोएशियांत जन्मलेले. लाल वाइनमध्यें ‘स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स’ची १९७३ ची पहिली, तिचे कर्ते वॉरेन विनियार्स्की हे पूर्वीं शिकागो विद्यापीठांत शिकवीत असत. ओदेत कान या विदुषी परीक्षिकेनें आपला गुणांचा कागद परत मागितला; तो कांहीं त्यांस मिळाला नाहीं. पुढें असें म्हणण्यांत आलें कीं, फ्रान्सची वाइन जुनी होऊं द्या, मग पाहा. तीस वर्षांनीं, २००६ सालीं, त्याच लाल वाइनची पुन्हां परीक्षा झाली. पहिले पांचही क्रमांक कॅलिफोर्नियाकडे गेले.

ही गोष्ट चालली असतां आमच्या आत्याबाई कोपऱ्यांत खुर्चीवर बसून होत्या. वय शहाऐंशी, मद्याचा थेंब आयुष्यांत ओठांस लागलेला नाहीं. भाच्यानें सहज एक पेला त्यांच्या पुढें केला व म्हणाला, “आत्या, नुसता वास तर घ्या.” त्यांनीं पेला नाकापाशीं नेला आणि लगेच दूर धरिला. “अरे, ह्याला ओल लागली आहे. श्रावणांत बंद फडताळ उघडावें ना, तसा वास येतो.” त्याच पेल्याची दोघांतिघांनीं नुकतीच स्तुति केली होती. पाहुण्यांनीं हुंगून पाहिलें, मान डोलाविली आणि फडकें सोडलें. त्या सायंकाळची सर्वांत महाग बाटली तीच! दोष वाइनचा नव्हता, बुचाचा होता. बुचाच्या सालींत बुरशीमुळें ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नांवाचें द्रव्य तयार होतें. लिटरामागें ग्रॅमचे अवघे चारपांच अब्जांश असले, तरी सरावलेल्या नाकास तें कळतें. आत्याबाईंच्या नाकानें साठ वर्षें लोणच्यांच्या बरण्या, तूप आणि धान्याच्या कोठ्या तपासल्या आहेत. पाहुण्यांनीं उठून त्यांस नमस्कार केला.

आतां प्रश्न वाचकांस आहे. आपल्या घरांत निवाडा कोण करतें, जीभ कीं चिठ्ठी? स्थळ पाहावयास गेलों, म्हणजे आधीं आडनांव, मग घराणें, मग पगाराचा आंकडा. मुलगा बोलतो कसा, आईशीं वागतो कसा, हें सर्वांत शेवटीं. मुलाचे गुण पाहावयाचे तर आधीं शाळेचें नांव विचारतों. आणि ज्या वडीलधाऱ्या बाईपाशीं कसलीच पदवी नाहीं, तिचें मत विचारावयाचें कोणास सुचतही नाहीं. नांवें खोटीं असतात असें नव्हे. पुष्कळदां तीं कष्टानें मिळविलेलीं असतात. परंतु नांव आधीं वाचलें, कीं पुढची परीक्षा ही परीक्षा न राहतां नुसती संमति होते.

येत्या वैशाखांत एक खेळ करून पाहावा. चार गांवांचे आंबे आणून, फोडी करून, बश्यांवर नुसते आंकडे घालावे, आणि लहानापासून थोरापर्यंत सर्वांस वेगवेगळे गुण लिहावयास सांगावें. पेटीवरचें नांव शेवटीं वाचावें. आणि पहिली बशी घरांतल्या सर्वांत वडील बाईंपुढें ठेवावी.