भरलेले काढताही आले पाहिजे

उरवड्याहून पुण्याकडे निघाले की पिरंगुट, भूगाव मागे पडून चांदणी चौक येतो आणि कोथरूडमध्ये शिरताच त्वचेच्या आणि केसांच्या दवाखान्यांचे फलक दिसू लागतात. लग्न ठरलेल्या मुलीला, हल्ली मुलालाही, ओठ भरून घेणे किंवा डोळ्यांखालचा खड्डा बुजवून घेणे आता फक्त सिनेमातल्या लोकांचे काम वाटत नाही. अर्ध्या तासात सगळे उरकते. टाका पडत नाही, भूल म्हणून वरून मलम लावले की भागते. हौसेला नावे ठेवावीत असे मला मुळीच वाटत नाही. माझा प्रश्न त्यानंतरचा आहे. जे भरले ते मनासारखे झाले नाही, गाठ आली, ओठ एका बाजूला फुगला, तर ते नीट कोण करणार, आणि तशी सोय सुई टोचण्याआधी कोणी करून ठेवली होती का?

बिघडलेला चेहरा दुरुस्त करण्याची जगभर गाजलेली हकीगत पुण्याजवळचीच आहे. कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकायला होता. टिपूच्या हाती सापडला, तेव्हा त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या इंग्रज डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली, पुण्यात राहणाऱ्या जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ च्या अंकात सगळे छापले.

त्या वर्णनातली कृती सावकाश वाचण्यासारखी आहे. मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या खुंटावर बसवून आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. रेघेबरहुकूम कातडी सोडवायची, पण दोन भुवयांच्या मधली एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहते. मग ती कातडी खाली वळवून खुंटाच्या कडेला पाडलेल्या खाचेत बसवायची. वर पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ चिंध्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी तोडायची, आणि नाक दिसायला अधिक बरे व्हावे म्हणून थोडी कातडी पुन्हा सोडवायची.

या शेवटच्या पायरीसाठीच मी हे सगळे सांगितले. पहिल्या दिवशी बसवलेले नाक हे शेवटचे नाक नव्हे, हे तो कारागीर धरूनच चालला होता. रोगी त्याच्या नजरेखाली होता आणि दुरुस्ती हा त्याच्या कामाचाच भाग होता. पुढे जोसेफ कार्प्यू यांनी २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये हीच क्रिया केली आणि वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव लागले. पुण्याजवळच्या त्या माणसाचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

कातडी वळवण्याऐवजी काहीतरी आत भरायचे, ही कल्पना शंभर वर्षांनी आली. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी यांनी व्हॅसलीनसारखे खनिज मेण टोचून पाहिले. लवकरच बसलेल्या नाकांत, सुरकुत्यांत पॅराफिन भरण्याची लाटच आली. मेण आत गेले, पण बाहेर काढायचे कसे, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. ते जागा सोडून सरकले, त्याभोवती कठीण गाठी धरल्या. नाकात पॅराफिन टोचल्यावर दृष्टी गेल्याची नोंद विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतलीच आहे. पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकन हिने तरुणपणी नाकात मेण भरून घेतले आणि त्याने तिचा चेहरा जन्माचा बिघडला. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकॉन आले आणि त्यानेही तेच केले. प्रत्येक पिढीने नवे द्रव्य आणले. ते परत कसे काढायचे, हा प्रश्न पुढच्या पिढीवर सोडला.

आज आत भरतात ती द्रव्ये, म्हणजे फिलर, बहुतेक हायलुरॉनिक ॲसिडच्या जेलची असतात. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. त्याचे सौंदर्योपचारातले जेल युरोपात १९९६ मध्ये आणि अमेरिकेत २००३ च्या अखेरीस परवानगी घेऊन आले. आधीच्या द्रव्यांत नसलेला एक मोठा गुण त्यात आहे. ते विरघळवता येते. हायलुरॉनिडेज हे एन्झाइम ते तोडते, आणि त्याचा सुगावा तर मूळ पदार्थाच्याही आधी, १९२८ च्या सुमारास ड्युरान-रेनाल्स या शास्त्रज्ञाला लागला होता. मधमाशीच्या आणि सापाच्या विषातही ते असते. महाराष्ट्राला हे औषध नवे नाही. गुटख्याने तोंड आखडलेल्या माणसाच्या गालात दातांचे डॉक्टर ते टोचतात, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचे डॉक्टर भुलेच्या औषधात मिसळतात. पांढरी भुकटी असते, सलाइनमध्ये कालवून वापरतात.

म्हणून फिलर मनासारखे झाले नाही, तर पहिला सल्ला असा की घाईने आणखी भरू नये. एका बाजूला कमी दिसते म्हणून तिथे भर, मग दुसऱ्या बाजूला भर, असे करत चेहरा स्वतःचा राहत नाही. सुरुवातीची सूज आणि काळेनिळे डाग पुष्कळदा आठ-पंधरा दिवसांत उतरतात. उरलेली गाठ चोळून बसते का ते पाहावे. डोळ्यांखाली निळसर छटा दिसत असेल, तर जेल कातडीच्या फार वरच्या थरात गेले आहे. तिथे थोडे एन्झाइम टोचून ते काढतात. मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून ज्याला मोठी ॲलर्जी झाली आहे, त्याने हे आधी सांगितलेच पाहिजे. एन्झाइम शरीराच्या स्वतःच्या हायलुरॉनिक ॲसिडलाही लागते, पण ते शरीर पुन्हा तयार करते. सगळे उतरल्यावर, पंधरवडा थांबून, हवे असल्यास नव्याने भरता येते. जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर गाजलेल्या उर्फी जावेद हिने आपल्या ओठांतले फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ, सुजलेल्या चेहऱ्यासकट, लोकांना दाखवला. तिची पुष्कळ टिंगल झाली. मला मात्र तो मोठा उपकार वाटतो. बिघडलेले काढून घेता येते, हे लाखो मुलींना त्या दिवशी कळले.

पण सगळेच विरघळत नाही. कॅल्शियमचे कण असलेल्या फिलरवर हे एन्झाइम चालत नाही, सिलिकॉनवर चालत नाही, ॲक्रिलिकच्या कणांवर चालत नाही. तिथे गाठीत स्टिरॉइड द्यावे लागते किंवा चाकू लावावा लागतो, आणि वण राहतो. त्यामुळे काय भरले होते, हे न कळता दुरुस्ती करणारा डॉक्टर अंधारात चाचपडतो. फिलरच्या खोक्यावर नाव आणि बॅच क्रमांकाचे स्टिकर असते. ते रुग्णाच्या कागदावर चिकटवायला कितीसा वेळ लागतो?

दुसरी गोष्ट रक्तवाहिन्यांची. कावसजीच्या भुवयांमध्ये जी पट्टी राखली होती, तिला रक्त पुरवणारी धमनी डोळ्याच्या धमनीची फांदी आहे. त्या पट्टीमुळे नवे नाक जगले. आज भुवयांमध्ये किंवा नाकावर टोचताना जेल त्याच जाळ्यात शिरले आणि दाबाने उलटे मागे गेले, तर दृष्टी जाते, आणि डोळ्याच्या पडद्याला जेमतेम तास-दीड तासच मिळतो. कातडीपुरतेच रक्त अडले, तर आधी जागा पांढरी पडते, मग जाळीसारखी जांभळी नक्षी उमटते, बहुधा दुखतेही. अंगठ्याने दाबून सोडले की दोन-तीन सेकंदांत लाली परतायला हवी. ती परतत नसेल, तर एन्झाइमचे मोठे डोस पुन्हा पुन्हा लगेच द्यावे लागतात. ज्या टेबलावर फिलर आहे आणि हे औषध नाही, त्या टेबलावर चेहरा ठेवू नये, एवढे मी स्पष्ट सांगेन.

बिघाड झाल्यावर बाई परत डॉक्टरकडे जात का नाही? कारण घरात ऐकावे लागते, ‘हौस केलीस ना, भोग आता.’ हे मला अन्यायाचे वाटते. पुण्याच्या कोंढव्यात कुष्ठरुग्णांच्या रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी काम केले. इंग्लंडमध्ये प्लास्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकून आलेला हा शल्यविशारद बसलेली नाके उचलून देत होता, सैल पडलेली चेहऱ्याची कातडी ताणून बसवत होता. जंतू मेले, रोग बरा झाला, तरी चेहरा तसाच असेल तर गाव त्या माणसाला घरात घेत नाही, हे त्यांनी ओळखले होते. श्रीमंतांच्या सौंदर्यासाठी वापरली जाणारी कृती त्यांनी माणूस घरी परतावा म्हणून वापरली. चेहरा पाहून दार उघडणारे आणि बंद करणारे आपणच आहोत. मग त्याच नजरेपायी सुई टोचून घेतलेल्या बाईला, चेहरा बिघडल्यावर, आपण कोणत्या तोंडाने बोल लावतो?

नियम अगदीच नाहीत असे नाही. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रे देणे डॉक्टरांवर २००२ च्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये केशरोपणाबाबत सांगितले की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून शिकणे पुरेसे नाही. फिलरलाही हेच लागू व्हायला हवे, आणि पार्लरमध्ये टोचणाऱ्यांवर तर सरळ कारवाई व्हायला हवी.

उरवड्यासारख्या गावासाठी आणखी एक मागणी आहे. दुपारी कोथरूडला टोचून घेतलेली मुलगी संध्याकाळी घरी पोचते आणि दुखणे रात्री वाढते. तेव्हा क्लिनिक बंद असते. प्रत्येक क्लिनिकने रात्री उचलला जाईल असा फोन नंबर लिहून द्यावा. पौडच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आणि पिरंगुटच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना ती जांभळी नक्षी ओळखता यावी. हायलुरॉनिडेज त्यांच्याजवळ असावे आणि ससूनच्या प्लास्टिक सर्जरी विभागाशी आधीच बोलणे झालेले असावे. फिलर विकणाऱ्या कंपन्या डॉक्टरांसाठी शिबिरे भरवतात. पुढचे शिबिर त्यांनी पौडला भरवावे, आणि त्यात भरायचे कसे हे न शिकवता काढायचे कसे ते शिकवावे.